अंडर कन्स्ट्रक्शन की रीसेल? ठाण्यातल्या वरखर्चाचा हिशोब

ठाण्यात घर बघणाऱ्या बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं, घोडबंदरला नवीन टॉवरमध्ये अंडर कन्स्ट्रक्शन, म्हणजे अजून बांधकाम चालू असलेला फ्लॅट बुक करायचा की वसंत विहार, पाचपाखाडी, चरईसारख्या भरल्या वस्तीत रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून जुना घ्यायचा. मेट्रो कधी सुरू होणार, शाळा कुठली, भाव वाढणार का यावर सांगणारे ढीगभर आहेत, त्यामुळे मी त्यात पडत नाही. मी फक्त एग्रीमेंटच्या आकड्यावर जे पैसे लागतात त्यावर बोलतो. आम्ही दोन्हीकडे खोलात गेलो, एका बिल्डरकडे तर टोकनचा चेक लिहायचा बाकी होता, आणि शेवटी पोखरण रोड नंबर २ ला रीसेल घेतला. म्हणजे माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवलं, पुढचं त्या हिशोबाने वाचा.

आधी एक गोष्ट, जी लोन घेणाऱ्यांना बरेचदा उशिरा कळते. बँक लोन देते ते घराच्या किमतीवर, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन वगैरे धरायचं नसतं (१० लाखांपर्यंतच्या घराला सूट आहे, पण ठाण्यात १० लाखात पार्किंग मिळालं तरी पेढे वाटा). ३० ते ७५ लाखाच्या लोनला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, त्याच्यावर लोन गेलं की ७५ टक्केच. म्हणजे ९० लाखाचा फ्लॅट धरला तर जास्तीत जास्त ७२ लाख बँकेचे, १८ लाख आपले, आणि वरखर्च सगळाच्या सगळा आपल्या खिशातून. म्हणून मला वाटतं घर महाग की स्वस्त यापेक्षा हा वरखर्च किती आणि कधी हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे ईएमआय करून सुटता येत नाही, एफडी मोडावी लागते नाहीतर सासऱ्यांना फोन लावावा लागतो.

स्टॅम्प ड्युटीत दोघांमध्ये फरक नाही. ठाणे महापालिका हद्दीत ७ टक्के, त्यातला १ टक्का मेट्रोचा सेस जो एप्रिल २०२२ पासून लागला. रजिस्ट्रेशन ३० लाखाच्या वर कितीही असलं तरी ३० हजार. ९० लाखावर ६ लाख ३० हजार अधिक ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी, म्हणजे ९० हजार वाचतात, पण फक्त तिच्याच नावावर, नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सूट गेली. आम्ही हे खूप घोळवलं. पण लोनचा मुख्य बोजा माझ्या पगारावर होता आणि घरात मालकी नसेल तर व्याजाची टॅक्समधली वजावट मला मिळणार नाही, म्हणून दोघांच्या नावावरच केलं. ज्यांच्याकडे बायकोचा पगार जास्त आहे किंवा तुम्ही नवीन टॅक्स रेजीममध्येच आहात त्यांनी मात्र हे ९० हजार सोडू नयेत. आणि हो, रेडी रेकनर (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव) एग्रीमेंटपेक्षा जास्त निघाला तर ड्युटी रेकनरवर लागते, जुन्या वस्तीत हे होतं, आधी बघून घ्या.

आता फरक कुठे पडतो, तर पहिला जीएसटी. अंडर कन्स्ट्रक्शनला ५ टक्के, ९० लाखावर साडेचार लाख. (४५ लाखापर्यंतचा आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतला असेल तर १ टक्का, पण घोडबंदरला आम्ही बघत होतो त्या टॉवरांमध्ये तो हिशोब बसतच नव्हता.) रीसेलला शून्य. हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो कसा जातो ते फारसं कुणी सांगत नाही. प्रत्येक स्लॅब पडला की डिमांड लेटर येतं, त्यात वरच्या ओळीत स्लॅबचे पैसे आणि खालच्या ओळीत त्यावरचा जीएसटी. बिल्डरने गाठ घालून दिलेल्या बँकवाल्याने सरळ सांगितलं होतं की आम्ही वरची ओळ भरणार, खालची तुमची. म्हणजे तीन चार वर्षं दर थोड्या महिन्यांनी चाळीसेक हजार हातात तयार पाहिजेत, वर प्री-ईएमआय (तोवर उचललेल्या लोनचं व्याज), वर राहत्या घराचं भाडं. ज्यांना बोनस मिळतो त्यांना हे जमून जात असेल. आम्हाला ते नको वाटलं पण एवढ्यावरून काही आम्ही मागे फिरलो नसतो.

आम्ही फिरलो ते कॉस्ट शीटच्या शेवटच्या ओळीवरून.

ती कॉस्ट शीट अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर सगळं व्यवस्थित, बेसिक रेट, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), पार्किंग, एग्रीमेंट व्हॅल्यू, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, जीएसटी, अगदी रुपयापर्यंत. आणि तळाला बारीक अक्षरात, इतर चार्जेस पझेशनच्या वेळी लागू असतील त्याप्रमाणे. मी सेल्सवाल्या मुलाला विचारलं, हे किती? तो म्हणाला, सर ते नॉमिनल असतं. नॉमिनल म्हणजे किती? सर ते डिपेंड करतं. कशावर? सर पझेशनच्या वेळच्या रेटवर. मुलगा बिचारा चांगला होता, त्याला पण माहीत नसणार, म्हणून त्याच्या मॅनेजरला भेटलो, मॅनेजरने कॉफी मागवली आणि तेच सांगितलं फक्त जरा सावकाश. मी म्हटलं मला नक्की आकडा नको, यापेक्षा जास्त होणार नाही एवढं एका मेलमध्ये लिहून द्या. तो मेल आजतागायत आलेला नाही, पण "सर बुकिंग कधी करताय" असे फोन मात्र पुढे बरेच दिवस येत होते.

यात काय काय असतं ते मला माझ्या साडूंच्या पझेशनच्या डिमांड लेटरवरून कळलं, त्यांनी कासारवडवलीला घेतला होता. सोसायटी फॉर्मेशन, लीगल चार्जेस, लाइट मीटर, गॅस पाइपलाइन, क्लबहाऊस, कॉर्पस फंड (सोसायटीचा राखीव निधी), शेअर मनी (हे सहाशे रुपये, यादीतली एकमेव प्रेमळ ओळ), आणि सगळ्यात मोठं म्हणजे २४ महिन्यांचा अॅडव्हान्स मेंटेनन्स. त्याचं गणित मांडून बघा, साडेसहाशे कार्पेट, बारा रुपये फूट, चोवीस महिने, झाले १ लाख ८७ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे फक्त मेंटेनन्सचे २ लाख २० हजारांच्या वर. सगळं मिळून साडेपाच लाखाच्या आसपास गेलं, आणि हे पैसे भरल्याशिवाय चावी नाही. तोपर्यंत माणूस इंटिरियरवाल्याला अॅडव्हान्स देऊन बसलेला असतो, मुलांच्या शाळेचं पक्कं झालेलं असतं, भाड्याच्या घराला नोटीस दिलेली असते, तो काय भांडणार. साडूंनी आधी त्रागा केला, मग पर्सनल लोन काढलं. यातली प्रत्येक ओळ चुकीची आहे असं मी म्हणत नाही, मीटरला पैसे लागतातच, मेंटेनन्स कुठेही राहा द्यावाच लागतो. माझं म्हणणं एवढंच की नव्वद लाखाचा व्यवहार करताना शेवटचा आकडा समोरच्याने सांगू नये आणि आपण मान डोलवावी हे मला जमलं नाही. सगळे बिल्डर असे नसतात, काही पॅकेज सांगतात, त्यात सगळं आलं असं म्हणतात, तिथे पण पझेशनचे चार्जेस त्या पॅकेजमध्ये आहेत का हे एग्रीमेंटच्या जोडपत्रात बघा, ब्रोशरवर जाऊ नका.

रीसेलचं काय, तर तिथे कटकटी जास्त आणि आकडे कमी. ब्रोकरेज आमचं १ टक्का ठरलं, ९० हजार, काही जण २ मागतात, घासाघीस होते. बिल्डरकडे हा खर्च नसतो हे मान्य. वकिलाकडून टायटल सर्च (मालकी खरी आणि मोकळी आहे का याची तपासणी) आणि जुन्या एग्रीमेंटची साखळी तपासून घेतली, पंचवीसेक हजार, आणि हे वाचवायला जाऊ नका कारण मधलं एखादं एग्रीमेंट रजिस्टर नसेल किंवा त्यावर ड्युटी कमी भरलेली असेल तर ते तुमच्या गळ्यात येतं. बँकेची प्रोसेसिंग फी, मॉर्गेजची स्टॅम्प ड्युटी हे दोन्हीकडे सारखंच, आमचे मॉर्गेजला वीसेक हजार गेले. टीडीएस, म्हणजे आपण कापून सरकारला भरायचा टॅक्स, १ टक्का (व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर) हा काही जादा खर्च नाही, मालकाच्या रकमेतूनच कापायचा असतो, पण आमच्या मालकांना ते समजावता समजावता माझा एक अख्खा रविवार गेला.

आणि मग सोसायटी. घर आपल्या नावावर करून घेताना सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम घेते, नियमाने महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त २५ हजार, २००१ च्या परिपत्रकापासून तेच चालू आहे, वर ५०० ट्रान्सफर फी आणि १०० प्रवेश फी. प्रत्यक्षात आमच्या सेक्रेटरी काकांनी चहा पाजून सांगितलं, बिल्डिंगला रंग काढायचाय, लिफ्ट बदलायचीय, तुम्ही आता घरचेच, समजून काहीतरी द्या. समजून म्हणजे लाखभर. मी म्हटलं काका, २५ हजार चेकने देतो, पावती द्या, आणि रंगाचं कॉन्ट्रिब्युशन सगळ्यांकडून निघेल तेव्हा माझंही घ्या. चार दिवस ते फोनच उचलत नव्हते, मग एनओसी (सोसायटीचं ना हरकत पत्र) मिळाली. चिडचिड झाली, पण बघा, इथे निदान एक माणूस समोर होता ज्याच्याशी बोलता आलं, आणि कमाल मर्यादा कागदावर होती.

सगळं मिळून रीसेलचा वरखर्च आम्हाला सव्वाआठ लाखाच्या जवळपास आला. अंडर कन्स्ट्रक्शनचा तोच हिशोब स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि जीएसटी धरून ११ लाख १० हजार, आणि त्याच्यावर पझेशनचं जे काय निघेल ते. आता रीसेलवाल्यांनी लगेच खूश होऊ नये, जुन्या घरात प्लंबिंग, वायरिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग निघतंच, आमचे त्यात साडेचार लाख गेले. म्हणजे बेरीज केली तर फरक बराच कमी होतो. पण ते साडेचार लाख आम्ही आमच्या सोयीने घातले, आधी बाथरूम, मग स्वयंपाकघर, बेडरूमच्या खिडक्या अजून जुन्याच आहेत आणि पाऊस फार तिरका आला तर खाली फडकं लावतो. त्यासाठी कोणी चावी अडवून धरली नाही.

जुनी बिल्डिंग असेल तर ओसी (इमारतीत राहायला महापालिकेची परवानगी) आहे का हे मात्र पहिल्या भेटीतच विचारा, ठाण्यात ओसी नसलेल्या इमारती भरपूर आहेत, बँक तिथे नाक मुरडते आणि मग वरखर्चाचं सोडा, मूळ पैशाचीच बोंब.

नवी मुंबईत बघणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे सिडकोची जमीन बरेचदा लीजवर असते, मग रीसेलला सोसायटीबरोबर सिडकोचा ट्रान्सफर चार्ज पण येतो, नोड आणि एरियाप्रमाणे बदलतो. तो मालकाने भरायचा की तुम्ही की अर्धा अर्धा हे टोकन देतानाच कागदावर घ्या. माझ्या एका मित्राने नेरूळला हे एग्रीमेंटच्या दिवसापर्यंत ठेवलं आणि रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाहेर मालकाशी जुंपली.

ज्यांच्याकडे राहायला घर आहे, घाई नाही, आणि पाच सहा लाख बाजूला पडलेत ते विसरून जाता येतील, त्यांना अंडर कन्स्ट्रक्शन जास्त परवडेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं, पैसे हप्त्याहप्त्याने जातात आणि घर कोरं मिळतं. भाड्याने राहणाऱ्याला, एक पगार असणाऱ्याला मी तरी रीसेलच सांगेन. मधला एक रस्ता आहे, बिल्डरकडे ओसी येऊनही उरलेला फ्लॅट, जीएसटी नाही आणि पझेशनचे चार्जेस त्याच दिवशी हातात लिहून मिळतात. तसा चांगला मिळाला असता तर मी सोसायटी, सेक्रेटरी या भानगडीत पडलोच नसतो, पण आमच्या बजेटमध्ये उरलेले सगळे एकतर पोडियमच्या वर लगेच, जिथे खिडकीबाहेर जनरेटर, नाहीतर कचऱ्याच्या शेडकडे तोंड करून.