मेपल सिरप की काकवी? पाच जणांच्या रात्रीच्या जेवणापुरतं

भाचा टोरांटोहून येताना मेपल सिरपची बाटली आणायचा तोवर हा प्रश्न कधी पडला नव्हता. फुकटच्या बाटलीची तुलना कोण करतो! मागच्या वर्षी मात्र मी क्रॉफर्ड मार्केटातून स्वतःच्या पैशांनी एक घेतली. तेवढ्यात दादरहून काकवीच्या चार बाटल्या आल्या असत्या, हे घरी आल्यावर आईने सांगितलं.

ही किंमत उगाच नाही, हेही खरं. मेपलच्या झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप होतं. तो रसही थंडी सरताना, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू असतं त्या थोड्या आठवड्यांतच झाडातून मिळतो. जगातलं बहुतेक मेपल सिरप कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस गुळाच्या आधी उतरवला की काकवी झाली.

आता स्वयंपाकाचं. अर्धा किलो लाल भोपळा, बोटभर जाड फोडी, लोखंडी तव्यावर लोण्यात झाकण ठेवून शिजवायच्या. मीठ, भरडलेली मिरी, आणि उतरवताना दोन चमचे मेपल नि लिंबू. कडा तांबूस होतात, वर पातळ चकचकीत थर चढतो, वास तर शेजारी जातो. काकवी याच वेळी घातली तर तव्याला धरते आणि जरा दुर्लक्ष झालं की कडवट लागते. गॅस बंद करून घातली तर जमतं, पण ती चकाकी येत नाही. भोपळ्यात मेपल पुढे, मान्य.

पण नुसत्या भोपळ्यावर पाच माणसं जेवत नाहीत. बाजूला आमटी लागतेच, आणि आमटीत मेपल घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. चिंच आणि गोडा मसाला पडला की ते कुठे गेलं ते कळतसुद्धा नाही. काकवीचा किंचित खारट, मातकट गोडवा चिंचेसमोर टिकतो. चिकनला लसूण, सोया सॉस, तिखट लावून दोन्ही करून पाहिलं. कुठल्या वाटीत काय ते मुलांना सांगितलं नव्हतं. दोघांनी वेगवेगळी वाटी संपवली, त्यामुळे तो सामना अनिर्णित.

माझं मत फिरलं ते वेगळ्याच कारणाने. महागाची वस्तू म्हणून घरात सगळ्यांनी ती बाटली जपली. मुलांना ‘एकच चमचा हं’, पाहुण्यांसाठी राखून ठेव, असं करत ती मांडणीवर मागे मागे सरकत गेली. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची हे बाटलीवर छापलेलं होतं, पण आमच्या फ्रिजच्या दारात इडलीच्या पिठाचा डबा आधी. जुलैत बायकोने झाकण उघडलं तर वर करड्या बुरशीची गोल चकती तरंगत होती. खाली चांगला तिसरा हिस्सा उरलेला. चूक आमचीच, बाटलीला दोष नाही. तरी मोरीत ओतताना जीव कळवळला. जपलं नसतं तर संपलं असतं, हे जास्त लागलं.

काकवीही काही साधी नाही. तोंडाशी चिकट, मुंग्यांना आधी कळतं, पावसाळ्यात बाहेर राहिली तर फेसाळते आणि आंबूस वास येतो, आणि एका बाटलीची चव दुसरीसारखी असेलच असं नाही. आमच्याकडे ती फेसाळायची वेळच येत नाही. भाकरीवर तूप आणि काकवी, सकाळी घावनाबरोबर, आमटीत चमचाभर. तीन आठवड्यांत तळ दिसतो. कोणी कोणाला चमचे मोजून देत नाही.

तुमच्या घरी दोघंच असाल, भाजलेल्या भाज्या आवडत असतील आणि फ्रिजमध्ये जागा असेल, तर मेपल घ्यायला माझी हरकत नाही. शक्यतो गडद रंगाचं घ्या, स्वयंपाकात त्याची चव उतरते. स्वस्तात ‘मेपल फ्लेवर’ लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा मक्याच्या गोड पाकाला वास लावलेलं असतं. त्यापेक्षा काकवी केव्हाही बरी.

भाचा डिसेंबरात येतोय. बाटली आणलीच तर त्याच आठवड्यात दोन किलो भोपळा आणायचं ठरलंय. जाताना त्याच्या बॅगेत काकवी जाणार, फक्त ती सांडू नये म्हणून झाकणाला टेप कोणी लावायची यावर घरात वाद आहे.