पार्टिशन बिघडलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क: घरी प्रयत्न, दुकान की लॅब?

डिस्क लावल्यावर दिवा लागतो, ड्राइव्हचं अक्षरही दिसतं, पण उघडायला गेलं की विंडोज फॉरमॅट करायला सांगतं. तिथे नकारच द्यायचा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रॉ' (म्हणजे ओळखता न येणारी) असं दिसत असलं तरी फाइली बहुतेक वेळा जागेवरच असतात. बिघडलेली असते ती त्या कुठे आहेत याची नोंद. ही नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीत चारही मुख्य पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) नोंद मिळून जेमतेम ६४ बाइट भरते, आणि ती डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये (छोट्या कप्प्यात) असते. तेवढं खराब झालं की अख्खा १ टीबी दिसेनासा होतो. जीपीटी या नव्या पद्धतीत याच नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या (फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीच्या) बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीच्या माहितीचीही एक प्रत असते, पार्टिशनच्या अगदी शेवटी. म्हणून आशा सोडायचं कारण नाही.

मात्र कुठल्या वाटेने जायचं हे सॉफ्टवेअरच्या किमतीवरून ठरवू नका. डिस्कची तब्येत कशी आहे, यावरून ठरवा. आधी कान लावून ऐका. टक-टक आवाज येत असेल किंवा फिरायला लागून परत थांबत असेल, तर घरचे सगळे पर्याय बाद. आवाज नेहमीसारखा असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून 'करंट पेंडिंग सेक्टर' ही ओळ बघा. तिथे शून्याहून जास्त आकडा असेल तर डिस्क वाचताना अडखळते आहे. अशा डिस्कवर तासन्‌तास स्कॅन लावणं म्हणजे तिचं उरलंसुरलं आयुष्य खर्च करणं.

डिस्क धडधाकट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: डेटा परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी आधी डीएमडीई, मग टेस्टडिस्क. बरेच जण उलट सांगतात, कारण टेस्टडिस्क पूर्ण मोफत आहे आणि कामही उत्तम करतं. चुकून पार्टिशन डिलीट झालं असेल किंवा विंडोजने विचारलं म्हणून 'इनिशिअलाइझ' केलं गेलं असेल, तर ते हरवलेलं पार्टिशन शोधून नोंद पुन्हा लिहून देतं. पण 'लिहून देतं' हीच त्यातली जोखीम. काळ्या पडद्यावर, फक्त कीबोर्डने, घाईघाईत 'राइट' दाबलं आणि निवडलेलं पार्टिशन चुकीचं असलं, तर गुंता वाढतो. टेस्टडिस्क वापरायचंच असेल तर पार्टिशन सापडल्यावर पी दाबून फाइलींची यादी बघा आणि तिथूनच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. 'राइट'ची वेळच येऊ देऊ नका.

डीएमडीई दिसायला तितकंच रूक्ष आहे. पण फाइल सिस्टीमही दुखावली असेल, तर 'फुल स्कॅन' करून जुनी फोल्डरांची रचना उभी करण्यात ते सरस ठरतं. त्याच्या मोफत आवृत्तीत एका वेळी एकाच फोल्डरमधल्या ४००० फाइली काढता येतात, आणि हे कितीही वेळा करता येतं. पीएचडीचा प्रबंध किंवा दुकानाचे हिशोब हवे असतील, तर एवढ्यात काम होऊन जातं. आर-स्टुडिओ किंवा स्टेलरसारखी विकतची सॉफ्टवेअर वापरायला सोपी आहेत. पैसे भरण्याआधी त्यांच्या चाचणी आवृत्तीत तुमची फाइल नुसती यादीत दिसते की प्रिव्ह्यूमध्ये खरोखर उघडते, ते तपासा.

टेस्टडिस्कसोबतच येणारं फोटोरेक शेवटी ठेवा. ते फाइल सिस्टीमकडे बघतच नाही, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणांवरून त्या शोधतं. त्यामुळे फोटो परत येतात, पण 'ताईचं लग्न' हे फोल्डर येत नाही. येतात ती आकड्यांच्या नावांची हजारो चित्रं, आणि तुकड्यांत साठलेले मोठे व्हिडिओ अनेकदा अर्धवटच.

सीएचकेडीएस्‌के हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन मात्र मी या तुलनेत धरतच नाही. त्याचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं, तुमचा डेटा वाचवणं नव्हे.

आता मधली अवस्था: डिस्क चालते, पण अडखळते. इथे आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू याच कामासाठी आहे. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं आणि कुठवर आलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, म्हणून मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची दुसरी डिस्क मात्र लागते. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने सुमारे ३ तासांत उतरते, जुन्या यूएसबी २ पोर्टवर ८ तास धरा, आणि आजारी डिस्क याहून कितीतरी जास्त वेळ घेऊ शकते. पुण्यात हे काम गुरुवारी डेस्कटॉपवर सुरू करू नका. देखभालीसाठी वीज गेली तर डिस्क चालू कामात बंद पडेल. लॅपटॉप किंवा इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही.

हे स्वतःला जमणार नसेल तर तपकीर गल्ली किंवा टिळक रोडच्या एखाद्या दुकानात जाणं अगदी योग्य आहे. पण डिस्क हातात देण्याआधी दोन प्रश्न विचारा: आधी इमेज काढणार का, आणि डिस्क उघडणार का? पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' हीच उत्तरं हवीत. टेबलावर झाकण उघडलं की धूळ आत जाते आणि पुढे लॅबचंही काम अवघड होतं. आधार, बँकेची कागदपत्रं, घरचे फोटो त्यात असणार, तेव्हा काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसली जाईल हेही बोलून घ्या.

टक-टक करणाऱ्या डिस्कला क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेली लॅबच हवी. तिथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड (डेटा वाचणारे भाग) बसवून डेटा वाचतात, म्हणून खर्च दुकानाच्या कितीतरी पट होतो. काम पुण्यातच होणार की डिस्क बाहेरगावी पाठवणार, तपासणीचे पैसे वेगळे का, डेटा मिळाला नाही तर काय, हे सगळं लेखी घ्या. डिस्क तिच्या मूळ केससकट द्या. डब्ल्यूडीच्या अनेक माय पासपोर्ट डिस्कमध्ये एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं सांकेतिक कुलूप) आतल्या सर्किट बोर्डाशी जोडलेलं असतं, तो बोर्ड हरवला तर काम अडतं. काही मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये केसमधलं सर्किट सेक्टरचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट दाखवतं. अशी डिस्क केसबाहेर काढून थेट जोडली की चांगलं पार्टिशनही नाहीसं झाल्यासारखं दिसतं. तुमच्या बाबतीत बिघाड केस बदलल्यानंतरच सुरू झाला असेल, तर एक पैसाही खर्च करण्याआधी डिस्क जुन्या केसमध्ये घालून बघा. आणि बिटलॉकर हे विंडोजचं एन्क्रिप्शन लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा. ती किंवा पासवर्ड नसेल तर कुठलीही लॅब त्या फाइली उघडू शकणार नाही.