आधी वेळेची नोंद की आधी वेळापत्रक?
आठवड्याचे तास १६८. त्यातले जवळच्या माणसांना, आवडीच्या कामाला किती मिळतात? आधी नोंदच करावी, वेळापत्रक नंतर, असं आमचं ठाम मत आहे.

नोंदीसाठी सात दिवस दर अर्ध्या तासाला एकच शब्द लिहा: ‘स्वयंपाक’, ‘मोबाइल’, ‘आई’. रात्री आठवून लिहिलं की मोबाइलच्या वेळेचा अंदाज चुकू शकतो, कारण पाच-पाच मिनिटांचे तुकडे लक्षातच राहत नाहीत. चिकाटी लागते, पण तास नेमका कुठे गळतो ते दिसतं.

वेळापत्रक झटपट होतं. मात्र कामं एकाला एक चिकटवून लावली, की सकाळची लोकल चुकताच संध्याकाळचा रियाज बुडतो. मध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा. नव्या कामासाठी कुठला तास सोडणार, तेही शेजारीच लिहा. नाहीतर तो झोपेतून जातो.