पाणी की धावपट्टी? सीप्लेनच्या एका चेकलिस्ट-संचाचे परीक्षण

फ्लोटमध्ये, म्हणजे विमानाखालच्या होडीसारख्या पोकळ तरंगत्या भागांमध्ये, चाके असलेल्या आणि त्यामुळे पाण्यावर आणि धावपट्टीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या सीप्लेनसाठी छापलेला सहा कार्डांचा एक चेकलिस्ट-संच मी आणि माझे सहवैमानिक गेला संपूर्ण हंगाम वापरत आहोत. संच कोणाचा हे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यातला मुख्य दोष मी इतर संचांतही पाहिला आहे. कार्डे ओल्या हाताने धरली तरी खराब होत नाहीत, अक्षर मोठे आहे आणि उन्हात चकाकत नाही. छपाईबद्दल एवढे पुरे.

उड्डाणापूर्वीचे कार्ड जाणत्या माणसाने लिहिलेले आहे. प्रत्येक मुख्य फ्लोटमध्ये किमान चार जलरोधक कप्पे असावेत आणि फ्लोटला आपल्या वाट्याचे वजन पेलून वर ८० टक्के जादा तरणशक्ती असावी, अशी अट अमेरिकी प्रमाणन नियमांत दीर्घकाळ होती. पण कप्प्यात झिरपलेले पाणी हातपंपाने उपसले नाही, तर ही जादा शक्ती आत साठलेल्या पाण्यावरच खर्च होते, विमान जड होते आणि पाणी मागच्या कप्प्यांत असेल तर त्याचा तोलही बदलतो. या कार्डावर नुसते ‘कप्पे उपसले’ असे न छापता प्रत्येक कप्प्यासमोर पंपाचे हात किती मारले ते लिहिण्यासाठी रिकामी चौकट ठेवली आहे. एका सकाळी उजव्या फ्लोटच्या तिसऱ्या कप्प्याला, जिथे रोज दोन-तीन हात पुरतात, तिथे मला वीसहून अधिक हात मारावे लागले. उपसनळीच्या तोंडावरचा रबरी चेंडू नीट बसलेला नव्हता. आदल्या दिवसाचा आकडा शेजारी नसता, तर मी ते पाणी पावसाचे समजून सोडून दिले असते.

उतरण्यापूर्वीच्या चौथ्या कार्डाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यावर सातव्या ओळीत ‘लँडिंग गिअर – तपासले’ असे छापले आहे. गिअर म्हणजे वर-खाली होणारी चाके. साध्या विमानात गिअरचे बरोबर उत्तर एकच असते, ते म्हणजे खाली. इथे उत्तर खालच्या पृष्ठभागावर ठरते, आणि दोन चुकांची किंमतही सारखी नसते. धावपट्टीवर चाके वर ठेवून उतरल्यास फ्लोटचा तळ घासतो, खर्च होतो, पण माणसे बहुधा चालत बाहेर येतात. पाण्यावर चाके खाली ठेवून उतरल्यास ती पाण्यात रुततात, विमान क्षणात उलटते आणि आतले लोक डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत पाण्याखाली दाराची कडी शोधू लागतात. अशा विमानात ‘तपासले’ हा शब्द दोन्ही वेळा खरा ठरू शकतो, म्हणून तो निरुपयोगी आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. त्या दिवशी धावपट्टीवरून उड्डाण केल्यावर नेमका रेडिओवर संदेश आला, उड्डाणानंतरचे तिसरे कार्ड अर्धवट राहिले आणि चाके वर घ्यायची राहून गेली. पुढे जलाशयाकडे येताना वेग कमी झाला तशी सूचना-यंत्रणा बोलली, की गिअर धावपट्टीसाठी खाली आहे. हा आवाज रोज ऐकून कान सरावलेले असल्यामुळे मी बटण दाबून तो बंद केला आणि सवयीने म्हणालो, “तपासले.” सहवैमानिकाने विचारले, “सर, तपासले म्हणजे वर की खाली?” तेव्हा मी गिअरच्या दिव्यांकडे पाहिले. चाके वर असली की ते निळे दिसतात, खाली असली की हिरवे. निळे असायला हवे होते. चारही हिरवे होते. आम्ही गो-अराउंड केले, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो.

आसफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये नासासाठी केलेल्या चेकलिस्टच्या अभ्यासात, सर्वांत महत्त्वाच्या बाबी यादीच्या सुरुवातीला असाव्यात असे सुचवले होते. व्यत्यय आलाच, तर तोवर त्या तरी होऊन गेलेल्या असतात. त्यामुळे गिअर या कार्डावर बाहेरच्या दिव्यांच्या आणि आसनपट्ट्यांच्या मागे सातव्या ओळीत का टाकला, हे मला कळलेले नाही. वॉटर रडर, म्हणजे पाण्यावर वळण्यासाठी फ्लोटच्या मागे असलेली सुकाणू, वर घेण्याची आठवण उड्डाणाआधी आहे, उतरण्याआधी नाही. आरशासारख्या शांत पाण्यावर उंचीचा अंदाज चुकतो आणि किनारा नजरेत ठेवून, थोडी शक्ती राखून संथपणे उतरावे लागते, त्याबद्दलही एक ओळ नाही.

प्रवाशांना सांगण्याच्या सूचनांचे सहावे कार्ड मात्र संपूर्ण संचात उत्तम आहे. जीवरक्षक जाकीट आत फुगवायचे नाही, दाराची कडी बसल्या जागेवरून हाताने चाचपून पाहायची, आणि आधार धरून मगच पट्टा सोडायचा, हे त्यात याच क्रमाने आणि बोलता येईल अशा वाक्यांत दिले आहे. २९ नोव्हेंबर २००९ रोजी कॅनडातील सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर सीप्लेन पाण्यावर आदळले, तेव्हा आतल्या आठपैकी सहा जण बुडून मरण पावले. त्यानंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने झटकन उघडणारी दारे-खिडक्या आणि अंगावर घातलेली तरंगजाकिटे यांची शिफारस केली. कार्ड लिहिणाऱ्याच्या मनात अशाच घटना असाव्यात.

पहिल्या आणि सहाव्या कार्डासाठी हा संच जरूर घ्यावा. चौथे कार्ड आहे तसे वापरू नये. आम्ही त्यावरची सातवी ओळ खोडून सर्वांत वर मेणाच्या पेन्सिलने लिहिले आहे: ‘खाली काय आहे? चाके कुठे आहेत? दिवे कोणते? आरशात काय दिसते?’ (आरसा म्हणजे चाके दिसावीत म्हणून विमानाबाहेर लावलेला.) चारही उत्तरे दोघांनी स्वतंत्रपणे मोठ्याने द्यायची आणि ती जुळली नाहीत तर उतरायचे नाही. पेन्सिलीचे अक्षर दोन दिवसांत पुसट होते, मग ज्याची पाळी असेल तो ते पुन्हा लिहितो.