घरगुती मालाची विक्री: व्हॉट्सॲपवरची बोलणी की ॲमेझॉनचे नियम?

आमसुले, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), काजूगर किंवा फणसपोळी घरून विकू पाहणाऱ्या कोकणातल्या माणसापुढे आज दोन वाटा असतात: व्हॉट्सॲपवर ग्राहकाशी थेट बोलून माल पाठवणे, किंवा ॲमेझॉनवर दुकान मांडून तिथले संदेशांचे नियम पाळणे. वेंगुर्ल्याहून मी दोन्ही वाटांनी माल पाठवला आहे. नोंदणी आणि कमिशन यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून येथे फक्त ग्राहकाशी होणाऱ्या बोलण्याचा विचार करतो.

ॲमेझॉनवर विक्रेत्याला आपणहून संदेश पाठवायचा असेल, तर तो ऑर्डर पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत आणि त्या ऑर्डरच्या कामापुरताच पाठवता येतो. नुसते आभार, सवलतीची जाहिरात, चांगल्या अभिप्रायासाठी आमिष हे सारे वर्ज्य आहे. अभिप्रायाची विनंती करण्याचे बटण माल पोचल्यावर 5 ते 30 दिवसांच्या दरम्यान, एका ऑर्डरसाठी एकदाच वापरता येते आणि त्यातला मजकूरही ठरलेला असतो. ग्राहकाने काही विचारल्यास 24 तासांत उत्तर अपेक्षित असते आणि त्यातून रविवार किंवा सण सुटत नाहीत. घरात गणपती बसलेले असताना हे जड जाते.

व्हॉट्सॲपवर असे बंधन जवळजवळ नाही. नवी आमसुले वाळून तयार झाली की जुन्या गिऱ्हाइकांना कळवता येते, मात्र ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. तरीही गिऱ्हाईक आपले राहते. ॲमेझॉनवर त्याचा खरा ई-मेलसुद्धा दिसत नाही, आणि हा तोटा लहान नाही.

माझ्यापुरता निर्णय मात्र एका कटकटीने केला. व्हॉट्सॲपवर ‘मागच्यासारखंच पाठवा’ एवढाच निरोप येतो, पत्ता व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलेला असतो, पिनकोड राहून गेलेला असतो आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट यजमानांच्या नंबरावरून आलेला असतो. कुरिअरवाला अंगणात उभा असताना ‘मागच्यासारखं’ म्हणजे अर्धा किलो की एक, पाकळी की अख्खा गर, हे शोधत चार महिन्यांचे बोलणे वर सरकवत बसावे लागते, आणि तो नंबर घरातल्या दुसऱ्या फोनला जोडलेला नसेल, तर ज्याच्याकडे तो फोन आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणालाही ते काम करता येत नाही. ॲमेझॉनवर संदेश ऑर्डरच्या 17 अंकी क्रमांकाला बांधलेला असल्यामुळे बागेत गेलेल्या माणसाची वाट न पाहता घरातले कोणीही उत्तर देऊ शकते.

आगळ खारट असते, ते गोड सरबत नव्हे, हे परगावच्या ग्राहकाला आधी सांगावेसे वाटते आणि तसा निरोप ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: ही सूचना मालाच्या पानावर आणि बाटलीच्या लेबलवर ठळक लिहावी, आणि वापराची चिठ्ठी खोक्यात घालावी. तिच्यात चांगल्या अभिप्रायाची मागणी मात्र नसावी.

हापूसची गोष्ट निराळी आहे. आढीतल्या फळाचा दिवस आणि ग्राहक घरी असण्याचा दिवस जुळवायला थेट बोलणेच हवे, म्हणून पेट्यांपुरते मी व्हॉट्सॲप ठेवले आहे. प्रत्येकाची सोय वेगळी असेल. पण माल वर्षभर टिकणारा असेल आणि काम घरातल्या दोघा-तिघांनी वाटून घ्यायचे असेल, तर मी आधी नियमांची वाट सुचवेन.