गेडनचे हेरिटेज सर्टिफिकेट: वारशाने आलेली मॉरिस मायनर मुळाबरहुकूम किती?

जुनी ब्रिटिश गाडी वारशाने हाती आली की पहिला सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमच्या अभिलेखागाराकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवण्याचा. आमच्या मोठ्या काकांच्या १९६१ सालच्या दोन दारी मॉरिस मायनर १००० साठी मी ते मागवले. काका मुंबईहून डॉक्टर होऊन साठच्या दशकात इंग्लंडच्या आरोग्यसेवेत रुजू झाले होते. ‘गाडी अगदी ओरिजिनल आहे’ हे त्यांचे वाक्य घरात इतक्या वेळा ऐकले होते की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. सर्टिफिकेट पैसे वसूल करून देते, हे आधीच सांगतो. मात्र ते कशासाठी मागवायचे याविषयी अनेकांची कल्पना चुकीची असते.

मायनरचे उत्पादन १९४८ ते १९७२ या काळात झाले आणि एकूण सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कारखान्यातून गाडी बाहेर पडताना तिचा चॅसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, आतल्या गादीकामाचा रंग, तयार झाल्याची व रवाना झाल्याची तारीख आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे गेली, अशा बाबींची नोंद होत असे. आपण चॅसिस नंबर कळवायचा आणि अभिलेखागाराने त्या नंबरची नोंद शोधून तिचा प्रमाणित उतारा द्यायचा, एवढाच हा व्यवहार आहे. गाडी पाहायला कोणीही येत नाही. त्यामुळे विक्रीच्या जाहिरातींत ‘हेरिटेज सर्टिफिकेटसह’ हे शब्द ज्या थाटात मिरवले जातात, तो थाट मला पटत नाही. त्या कागदावरून गाडी जन्माला आली तेव्हा कशी होती ते कळते. आज दारात उभी असलेली गाडी तशीच आहे की नाही, हे ठरवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आमच्या उताऱ्यात रंग ‘स्मोक ग्रे’ आणि इंजिनाच्या नंबराची सुरुवात ‘९एम’ अशी होती. गाडी मात्र हिरवी, आणि बॉनेट उघडल्यावर इंजिनावरच्या पट्टीवर ‘१०एमए’. ही दोन अक्षरे-आकडे जाणकाराला पुरेसे असतात, कारण ‘९एम’ म्हणजे ९४८ सीसीचे इंजिन आणि ‘१०एमए’ म्हणजे १९६२ पासून मायनरमध्ये बसू लागलेले १०९८ सीसीचे इंजिन. म्हणजे १९६१च्या गाडीत ते मूळचे असणे शक्यच नाही.

तरीही केवळ पट्टीवर विसंबून निकाल देऊ नये. या इंजिनांवर नंबराची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि एका ब्लॉकवरची काढून दुसऱ्यावर लावणे फारसे अवघड नसते. आमच्या भागात अनेक वर्षे मायनरच दुरुस्त करत असलेल्या एका वयस्कर कारागिराने गॅस्केटसाठी हेड काढले होते, तेव्हा त्याच्याकडून मोजमाप करून घेतले. ९४८चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६२.९ मिलिमीटर आणि १०९८चा ६४.५८ मिलिमीटर असतो. पण जुने इंजिन कधी ना कधी रीबोअर झालेले, म्हणजे त्याचे झिजलेले सिलिंडर कापून रुंद केलेले, असते आणि साठ थाऊ (इंचाचे साठ हजारांश) रीबोअर केलेले ९४८ हे १०९८च्या मापाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचते. म्हणून त्याने बोअर बाजूला ठेवून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली होण्याचा पल्ला, मोजला. पिस्टन वर आणून, मग खाली नेऊन घेतलेले माप ८३.७ मिलिमीटरच्या आसपास भरले. ९४८मध्ये ते ७६.२ असते आणि स्ट्रोक रीबोअरने बदलत नाही. वाद तिथेच मिटला.

इंजिन बदललेले असेल, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय आले, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता. गिअरबॉक्सचे आवरण कंगोऱ्यांचे निघाले, जे १०९८च्या पेटीचे लक्षण आहे; ९४८ची पेटी बाहेरून गुळगुळीत असते. पुढच्या ब्रेकचे ड्रमही सातऐवजी आठ इंची होते. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात, त्यामुळे कोणीतरी नंतरची एक अपघातग्रस्त गाडी आणून तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक असा पूर्ण संच उचलला असावा, असा माझा तर्क आहे. जास्त ताकदीच्या इंजिनाला जास्त सक्षम ब्रेक देणाऱ्या त्या अज्ञात माणसाची समज मला आवडली.

बाहेरच्या बाजूला चित्र बरेच समाधानकारक होते. मायनरमध्ये ऑक्टोबर १९६१पर्यंत दिशा दाखवण्यासाठी मधल्या खांबातून बाहेर येणारा दांडीचा ट्रॅफिकेटर असे, त्यानंतर लुकलुकणारे दिवे आले. आमच्या गाडीच्या दोन्ही खांबांतील खाचा शाबूत आहेत, त्यांत लांबी (पुट्टी) भरून रंग फासलेला नाही आणि तारा अजून जागेवर आहेत. समोरचे वायपर टाळी वाजवल्यासारखे एकमेकांकडे येतात, ही १९६३पूर्वीची रचना. मूळ रंगाचा पुरावा दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे मिळाला. क्लिपा सोडवून पुठ्ठा बाजूला केल्यावर हिरव्याच्या फवाऱ्याने न झाकलेला, फिकट निळसर झाक असलेला राखाडी रंग दिसला, आणि तोच मागच्या सीटखालीही होता. रंग तपासताना हीच ठिकाणे पाहावीत, कारण पेंटर सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही.

सर्टिफिकेटची खरी कसोटी महागड्या प्रकारांत लागते. दहा लाखावी मायनर तयार झाल्याच्या निमित्ताने ३५० गाड्या लायलॅक (फिकट जांभळ्या) रंगात व पांढऱ्या गादीकामासह काढण्यात आल्या होत्या. त्यांच्यावरचे ‘मायनर १,०००,०००’ हे बिल्ले आज कोणीही विकत घेऊ शकतो. खरी गाडी मात्र चॅसिस नंबराच्या नोंदीवरूनच ओळखता येते. अशा गाडीसाठी हा कागद अनिवार्यच मानावा.

कमतरता दोन आहेत. कारखान्यातून निघाल्यानंतरचा इतिहास इथे मिळत नाही. त्यासाठी डीव्हीएलए या ब्रिटिश वाहन नोंदणी संस्थेची व्ही५सी ही नोंदणीची नोंद आणि त्याआधीच्या काळात स्थानिक कौन्सिलने दिलेले जुने लॉगबुक (नोंदणी पुस्तक) पाहावे लागते. काकांच्या फाइलमधल्या लॉगबुकमध्ये इंजिन बदलल्याची नोंद सापडली आणि व्ही५सीवरही १०९८ सीसीच लिहिलेले आहे, त्यामुळे कागद आणि गाडी यांत तफावत राहिली नाही. दुसरी कमतरता भारतातील वाचकांना अधिक जाणवेल. सुट्या भागांच्या स्वरूपात परदेशी गेलेल्या गाड्यांची जोडणी आणि रंगकाम तिकडेच होत असे, तेव्हा त्या गाड्यांच्या रंगाविषयी इंग्लंडमधील नोंदवह्यांकडून उत्तराची अपेक्षा करता येत नाही.

महाराष्ट्रात अशी गाडी असणाऱ्यांना या तपासणीचे व्यावहारिक कारणही आहे. जुलै २०२१च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी त्या नियमांची अट आहे. आमच्यासारखी इंजिन बदललेली गाडी तिथे अडचणीत येऊ शकते, म्हणून अर्जाला हात घालण्यापूर्वी इंजिनावरची पट्टी आणि आरसी बुक शेजारी ठेवून पाहावे.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. अर्ज करताना चॅसिस नंबर लॉगबुकातून उतरवून न घेता इंजिनामागच्या पत्र्यावरील पट्टी पुसून प्रत्यक्ष वाचावा आणि तिचा फोटो जवळ ठेवावा. चुकीच्या नंबरावर उतारा निघाला, तर तो दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा असतो.