खऱ्या मापाचा प्राणी धातूत करून घ्यायचाय? घडीव, स्क्रॅप, तांबं की ब्राँझ

फार्महाऊसच्या दारात खिलार बैल, कंपनीच्या लॉनवर घोडा, सोसायटीच्या गेटपाशी काळवीट, असं काहीतरी लाइफसाइज करून घ्यावं हे सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं आणि चौकशी सुरू होते ती थेट किलोच्या भावापासून. भाव शेवटी विचारा. आधी प्राणी कुठला आणि तो उभा कुठे राहणार हे दोन ठरवा, कारण यातच निम्मा निकाल लागतो, आणि पुण्यात चारही प्रकारचं काम करणारे हात मिळतात त्यामुळे मिळत नाही म्हणून तडजोड करायची वेळ सहसा येत नाही.

घडीव कामावर मी जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. घडीव म्हणजे माइल्ड स्टीलची सळई, पट्टी किंवा जाड पत्रा भट्टीत साधारण ११०० ते १२०० डिग्रीला, म्हणजे पिवळट नारिंगी दिसेपर्यंत तापवायचा आणि ऐरणीवर घणाने किंवा पॉवर हॅमरखाली त्याचा आकार काढायचा. लाल काळपट झाला की थांबायचं आणि परत भट्टीत घालायचा, नाहीतर नुसते हात दुखतात आणि कडांना चिरा जातात. फार तापवलं तर ठिणग्या उडायला लागतात, तो तुकडा जळालाच समजा. रंग बघून काम चालतं म्हणून चांगल्या लोहाराचं वर्कशॉप जरा अंधारंच असतं, उजेड कमी आहे म्हणून नावं ठेवू नका.

यातून मिळतं काय तर जाडी बदलता येते. एकच सळई बुडाशी ३० एमएम आणि टोकाला ५ एमएम, मधे कुठेही जोड नाही. शिंग, कान, शेपटीचा गोंडा, घोड्याची आयाळ, मांडीवरून गुडघ्याकडे उतरणारा स्नायू, ही सगळी टेपरचीच, म्हणजे हळूहळू निमुळतं करत नेण्याची, कामं आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या एकसारख्या जाडीच्या मालातून ती गरम न करता निघत नाहीत, निघाली तरी ग्राइंडरने घासून घासून काढलेली दिसतात.

आता इथेच गंमत होते. बरेच फॅब्रिकेशनवाले घडीव म्हणून कोटेशन देतात आणि प्रत्यक्षात लेझरवर पट्ट्या कापून, बेंडिंग मशीनवर वाकवून, मिग वेल्डिंगने जोडून, वर हातोडीचे चार ठोके मारून देतात. ते काम वाईट असतं असं नाही, स्वस्तही पडतं, पण भाव घडीवचा द्यायचा आणि माल कापीव घ्यायचा याला काय अर्थ आहे. ओळखायचं सोपं आहे. पट्टीच्या कडेकडे बघा, सगळीकडे जाडी तीच असेल तर ती ठोकलेली नाही, कारण ठोकलं की लोखंड बाजूला पसरतं आणि कड पातळ होते. आणि ऑर्डर द्यायच्या आधी एक कान किंवा एक शिंग सॅम्पल म्हणून मागा, पैसे देऊन मागा हवं तर. काळवीट करायचं असेल तर ही परीक्षा एकदम भारी आहे, नराची शिंगं पिळाची असतात, ज्याला येतं तो आधी गोल सळईचा लांब टेपर काढतो आणि मग निमुळत्या शंकूवर गरम गरम गुंडाळतो, ज्याला येत नाही तो चौकोनी सळई पकडीत धरून पिळतो आणि ते शिंग न वाटता बाल्कनीचं ग्रिल वाटतं.

प्राण्याचा मुद्दा का एवढा महत्त्वाचा ते आकड्यात बघू. काळवीट खांद्याशी जेमतेम अडीच फूट, पाय काटकुळे, सगळा जीव रेषेत. सळयांची मोकळी जाळी केली तरी शोभतं, उलट जास्त पळतं वाटतं. १० एमएमची सळई मीटरला ०.६१७ किलो भरते (व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे साइटवरच्या कुणालाही पाठ असतं), म्हणजे ६० मीटर सळई लागली तरी ३७ किलो, दोन माणसं उचलून नेतील. खिलार बैल खांद्याशी साडेचार फुटांच्या आसपास, अंगाचं क्षेत्रफळ धरा साडेचार ते पाच चौरस मीटर. त्याला वशिंड आहे, गळ्याखालची पोळी आहे, छाती आहे, त्याचा दरारा वजनात आहे. सळयांची जाळी केली तर बैलाचा पिंजरा होतो, बैल होत नाही. म्हणून त्याला पत्रा लागतो. ३ एमएम पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे नुसती कातडी ११५ किलोच्या आसपास, आतला सांगाडा, ओव्हरलॅप आणि पायातल्या भरीव सळया धरून ह्याच्या दुप्पट सहज होतं.

कुणी छोटं मॉडेल दाखवून "हेच मोठं करू" म्हणालं तर एक हिशोब लक्षात ठेवा. एकास पाचच्या मॉडेलवरून मोठं करताना लांबी पाचपट होते पण पत्रा पंचवीसपट लागतो, आणि भरीव असेल तर वजन सव्वाशेपट. कोटेशन ऐकून लोक चाट पडतात ते यामुळे.

स्क्रॅपचं काम सध्या सगळ्यात जास्त दिसतं, आणि पुण्यात का दिसणार नाही, गाड्यांचं गाव आहे, चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग, गिअर, कमानपाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), भंगारवाल्यांकडे आणि जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरलं की डोळे फिरतात एवढा माल. भट्टी लागत नाही, वेल्डिंग आणि नजर लागते. नजर मात्र खरंच लागते, नाहीतर लांबून प्राणी आणि जवळून नटबोल्टचा ढीग. बिबट्याला किंवा गव्याला मला हा प्रकार आवडतो, गिअरच्या दात्यांनी अंगाला एक पोत येतो. अडचणी दोन आहेत आणि दोन्ही आधी कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे सगळं भंगार सारखं वेल्ड होत नाही, कास्ट आयर्नच्या तुकड्याला साध्या रॉडने टाका मारला तर गार होताना बाजूने चीर जाते, त्याला निकेलचा रॉड आणि आधी तापवणं लागतं, कमानपाट्यात कार्बन जास्त असतो तोही असाच तडकतो. दुसरी म्हणजे गॅल्व्हनाइज्ड किंवा क्रोम केलेले पार्ट तसेच वेल्ड केले की जो धूर निघतो तो विषारी असतो, जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, क्रोमचा तर त्याहून वाईट. स्वतः घरी करायचं मनात असेल तर कोटिंग काढल्याशिवाय हात लावू नका.

आणि स्क्रॅपमधे पाणी साठतं. पुढे सांगतो.

तांब्याचं कुणी फारसं सुचवत नाही, पण कसबा पेठेतली तांबट आळी आपल्याकडे आहे आणि ठोकून आकार काढायचं खरं कसब अजून तिथे आहे. घंगाळं, हंडे, बंब यांच्यावरचं ते मठारकाम, एकाला लागून एक पडलेले ठोके, ते बैलाच्या अंगावर कल्पना करून बघा. तांबं थंडच ठोकतात, ठोकून कडक झालं की लाल तापवून परत मऊ करतात, लोखंडासारखी दर वेळी गरम गरम पकडायची घाई नाही. दीड एमएमचा पत्रा चौरस मीटरला साडेतेरा किलोच्या आसपास, म्हणजे आख्ख्या बैलाची कातडी ६०-६८ किलोत. पण किलोमागे तांबं लोखंडाच्या दहापटीहून महाग आहे, आणि भांडी करणारा कारागीर बैलाची शरीररचना स्वतःहून करेल अशी अपेक्षा चुकीची, त्याला मॉडेल आणि टेम्प्लेट देणारा शिल्पकार सोबत लागतो. आतला सांगाडा साध्या लोखंडाचा करू नका. तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओलं राहिलं की लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. न्यूयॉर्कच्या स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं हेच झालं, २.४ एमएम तांब्याचा पत्रा वर आणि लोखंडाच्या पट्ट्या आत, १८८६ मधे उभी केली आणि १९८० च्या दशकात आतल्या पट्ट्या काढून स्टेनलेसच्या घालाव्या लागल्या. तर स्टेनलेस सांगाडा, आणि तोही लिहून घ्या.

ब्राँझ म्हणजे ओतीव, घडीवशी त्याचा तसा संबंध नाही, पण तुलना होतेच म्हणून. आधी मातीत पूर्ण मापाचं, मग साचा, मेण, परत साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा, तुकड्यातुकड्यात, मग वेल्ड करून जोड घासायचे. ह्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणी बोलत नाही, तुम्हाला मातीतला प्राणी बघायला मिळतो, मान जरा वळवा, कान पाडा, हे तिथे फुकटात होतं. घडीवमधे मान वळवा म्हणालात तर कापाकापी. शिवाय साचा राहतो, दुसरा नग निघतो. शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघून या, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचा, १९२८ चा, घोड्यासकट एकसंध ओतलेला. घोड्याच्या अंगाची ती भरीव, सलग चकाकी घडीव कामात येत नाही, कितीही चांगला लोहार असो. ५ एमएम जाडीला चौरस मीटरमागे ४४ किलो, बैल साधारण २०० ते २२० किलो, आणि धातू महागडा. मिश्रण काय ते विचारा, पुतळ्यांना बरेचदा ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ असं असतं, स्वस्त कोटेशनमधे पितळेचं भंगार मिसळलेलं असू शकतं. आणि एकाकी फार्महाऊसवर ब्राँझ किंवा तांबं ठेवताना चोरीचा विचार कराच. लोखंडाचा बैल कुणी कापून नेत नाही, कष्टाच्या मानाने परवडत नाही.

फायबरचा पर्याय विचारणारे असतातच. हलकं, स्वस्त, उन्हात रंग उडतो, लग्नाच्या हॉलला ठीक.

आता जागा. पुणे म्हणून सरसकट बोलून उपयोग नाही. सासवड, शिरूर, बारामतीकडे कोरडी हवा, घडीव लोखंड नीट रंगवलं तर फार कटकट नाही. मुळशी, लोणावळ्याकडे पावसाळ्यात महिनोनमहिने अंगावर पाणी, तिथे तेच काम दर वर्षी हात मागतं. घडीव लोखंडावर भट्टीतला काळा पापुद्रा असतो, दिसतो झकास, पण त्याच्यावरच रंग मारला तर पापुद्र्यासकट रंग सुटतो, म्हणून बाहेर ठेवायचं असेल तर सँडब्लास्टिंग, मग झिंक प्रायमर, मग वरचे कोट. जवसाचं तेल आणि मेणाचं फिनिश दिवाणखान्यासाठी, अंगणासाठी नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग सगळ्यात टिकाऊ, पण तो हौद ४५० डिग्रीच्या वितळलेल्या जस्ताचा असतो, आत कुठे बंद पोकळी राहिली तर हवा-पाणी तापून स्फोट होतो, त्यामुळे भोकं आधीच डिझाइनमधे लागतात, आणि पातळ पत्रा त्या उष्णतेने वाकडा होऊ शकतो. कॉर्टेन स्टीलचं फॅड आहे सध्या, गंज हाच रंग वगैरे, पण त्याला ओलं-कोरडं-ओलं असं चक्र लागतं, सतत ओलं राहिलं तर गंज थांबतच नाही, आणि पहिले दोनतीन पावसाळे खालच्या शाहबादी फरशीवर तांबडे ओघळ येणार म्हणजे येणार. स्क्रॅपचं पाणी साठायचं ते हेच, प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक वाटीसारखा पार्ट पावसात भरतो आणि आतून गंजतो. खालून भोक पाडून घ्या, डासांचीही सोय होत नाही.

मग मी काय घेईन? काळवीट, चिंकारा, घोडा, सारस, मान वळवून पळणारं किंवा उडणारं काहीही असेल तर डोळे झाकून घडीव. खिलार बैल असेल आणि बजेट मधलं असेल तर मिश्र काम, अंगाला गरम ठोकून फुगवलेला ३ एमएम पत्रा आणि शिंगं, कान, खूर, शेपटी भरीव घडीव. लोकांची नजर शेवटी डोक्यावरच जाते, पैसे तिथे घाला. बजेट मोठं असेल आणि जागेवर वॉचमन असेल तर बैल तांब्यात, तांबट कारागीर आणि शिल्पकार एकत्र बसवून, हे मला ब्राँझपेक्षाही जास्त आपल्याकडचं वाटतं. एकसारखे दोन-चार नग हवे असतील किंवा कुणाच्या आवडत्या बैलाचा हुबेहूब चेहरा हवा असेल तर ब्राँझ, तिथे बाकीचे स्पर्धेतच नाहीत. स्क्रॅप तेव्हाच, जेव्हा कलाकाराचं आधीचं काम तुम्ही जवळून, हात लावून पाहिलंय.

कारागीर कुठलाही असो, त्याला खरा प्राणी दाखवा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात काळवीट, गवा आरामात बघता येतात (बुधवार सोडून जा, बंद असतं), खिलारसाठी चाकणचा जनावरांचा बाजार. नेटवरच्या फोटोवरून केलेल्या बैलांचे मागचे गुडघे उलटे वाकलेले असतात, एकदा लक्षात आलं की मग सगळीकडे तेच दिसतं.

कोटेशनमधे वजन, पत्र्याची जाडी, सांगाड्याचा माल, फिनिशचे कोट आणि फिटिंग वेगवेगळं लिहून मागा. फिटिंग विसरतात सगळे. चार पायांवर अडीचशे किलो, वर पोरं बसणार हे धरूनच चाला, तेव्हा पायातल्या सळया खाली सलग जाऊन बेसप्लेटला वेल्ड झालेल्या हव्यात आणि प्लेट काँक्रीटमधल्या अँकर बोल्टवर. काँक्रीट आधी करायचं आणि बोल्टचं माप वर्कशॉपमधून घेतलेल्या पुठ्ठ्यावरून टाकायचं, प्राणी आल्यावर ड्रिल मारत बसायचं नाही. छोटा हत्तीत खिलार शिंगांसकट मावेल की नाही हे आधी टेप लावून बघा, नाहीतर मोठा टेम्पो सांगा, आणि रस्ता अरुंद असेल तर हायड्रा क्रेन आत वळते का तेही, नाहीतर शिंगं बोल्टने काढता-घालता येतील अशी करून घ्या, लोहाराला ते अवघड नाही, फक्त सुरुवातीला सांगावं लागतं.